हौसाबाईचा कोळसा

"काकी, कोलसा वास खातंय, मीठ ओल खातंय. पन ह्यो वास खायाला कोलशाचा बाप आनला तरी नाय पुरनार."

"हौसे, शब्द कमी कर. पोरीचं लग्न आठ दिवसांवर आलंय. असले घाण मारणारे शालू घेऊन ठाण्याच्या व्याह्यांसमोर उभी राहू मी?"

"मंग शालू काडा भायेर सगलं. मना आदी फडतालान डोका घालू द्या."

हौसाबाई ठाकुर्लीची आगरीण. नवरा खाडीत बुडून गेला, तेव्हापासून डोक्यावर टोपली घेऊन कल्याणात यायची. टोपलीत बाभळीचा कोळसा, जाडं मीठ, चुना, सावलीत सुकवलेला कडुलिंबाचा पाला. कुणाच्या घरी नसतं असं त्यात काही नाही, पण कुठं काय ठेवायचं ते हौसालाच ठावं. आधी कपडे उन्हात. फळ्या चुन्याच्या पाण्यानं पुसायच्या, दारं दिवसभर उघडी. मग कोपऱ्यात मिठाची वाटी, कोळशाची पुरचुंडी, घड्यांत पाला. नाक असं, की ओल मारतेय का मांजर मुतलंय ते उंबऱ्यातून सांगायची. आणि एका घरच्या फडताळात काय निघालं ते दुसऱ्या घरी कधी बोलली नाही. म्हणून तर तिला बोलवायचे.

त्या साली मुंबईत गाठीचा ताप, प्लेग, पेटला होता. कल्याणात अजून कुणी त्याचं नाव घेत नव्हतं.

शालू निघाले. हौसानं खालची फळी उचलली. मागं भिंतीत बीळ, बिळाच्या तोंडाशी उंदीर. पोट फुगलेलं, नाकाशी रक्त सुकलेलं.

ती सरकन मागं झाली. "कोनी हात नको लावू! म्हमयला, मांडवीला, भैनीचे चालीन असंच उंदीर पडलं व्हतं. पयलं उंदीर. मंग भैन."

सुमतीकाकूंनी ओटीचं दार लोटलं. आवाज खाली आणला. "हे बाहेर गेलं तर तपासणीवाले येतील. कौलं उतरवतील, कपडे जाळतील, आम्हाला छावणीत नेतील. लग्न मोडलंच म्हण. गुपचूप परसात पूर त्याला. दुप्पट कोळसा ठेव. आठ दिवस वास दाब, हौसे."

"दाबीन की. म्हयनाभर दाबीन. पन उंदरांना सांगून ठेवा, पोरीचा लगीन होईपरत दम धरा म्हनून."

"तोंड सांभाळ! बोललीस तर कल्याणात कुणी उंबरा चढू देणार नाही."

"मी कशाला बोलू? ह्यो वास बोलतंय ना." हौसानं कोळशाची टोपली मागं सारली आणि फडताळाची दारं सताड उघडी टाकली. "टिटवाल्याला भावाची वाडी हाय तुमची. आजच निंगा. शालू हतंच ऱ्हाव द्या."

काकूंनी मागं पाहिलं. नवरीमुलगी शालूची घडी नाकाशी धरून उभी होती, वास गेला का बघत. काकूंनी ती हिसकून जमिनीवर टाकली.

"गाडी जुंपायला सांग," काकू शेवटी मुलीला म्हणाल्या. "नेसत्या लुगड्यानिशी चल."

हौसानं चिमट्यानं उंदीर उचलला, परसात गोवऱ्यांवर जाळला, राखेवर चुना ओतला. हात चुन्याच्या पाण्यात धुतले आणि टोपली उचलली.

चार घरं पुढं विमलाबाई दारातच उभ्या होत्या. "बरी भेटलीस गं हौसे. कालपासून आमच्या फडताळात कसलासा..."

हौसानं नाक वर केलं. टोपली उंबऱ्याबाहेरच ठेवली.

"कपडं भायेर काडा, बाय. चिमटा हाय का घरान?"