कमी करून देणारे अण्णा

आमच्या शहरात दुकानाची पायरी चढलेल्या माणसाच्या गळ्यात काहीतरी जास्तीचं मारल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. अण्णांचं उलटं होतं. ते आलेल्याचं काहीतरी कमी करून त्याला परत पाठवायचे. उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सवाल्याशेजारी त्यांचा अरुंद गाळा होता आणि वर पाटी होती, 'कॉम्प्युटर थंड करून मिळेल'. त्याखाली वेगळ्या रंगात आणखी एक ओळ होती, 'कूलर दुरुस्ती होत नाही'. ती ओळ त्यांना एका एप्रिलमध्ये लिहावी लागली, कारण लोक कूलरचे पंप काखोटीला मारून यायला लागले होते.

अण्णा मूळचे लासूर स्टेशनजवळच्या शेतकरी घरातले. पंचवीस वर्षं कारखान्यात विजेच्या मोटारी सांभाळल्या आणि मग कॉम्प्युटरकडे वळले. काम एकच, पण त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. प्रोसेसर बनवणारी कंपनी त्याला गरजेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज देऊन पाठवते, कारण लाखातला सगळ्यात अशक्त तुकडासुद्धा चालला पाहिजे. चांगल्या तुकड्याला ते व्होल्टेज नको असतं. तो ते घेतो, तापतो आणि तापला की वेग सोडतो. अण्णा मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ते जास्तीचं काढून घ्यायचे. मशीन थंड व्हायचं, आणि गंमत म्हणजे आधीपेक्षा जोरात पळायचं.

"कंपनीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" असं त्यांना कुणीतरी आठवड्यातून एकदा तरी विचारायचंच. अण्णा मान वर न करता सांगायचे, "कंपनीनं ह्या तुकड्याचं तोंड बघितलंय का? म्या दोन दिस समोर बसवून बघितलंय." समोरचा इंजिनियर असला तर आवाज थोडा चढायचा, एवढाच फरक. मोठ्या माणसासमोर नरमायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर त्यांनी ते ऐकलं नव्हतं.

मशीन आणलं की ते आधी त्याची तक्रार विचारत नसत. "खोली कुठली? गच्चीखालची का खालची?" हा पहिला प्रश्न. मग मशीन चालू करून त्याच्या पाठीमागं, जिथून गरम हवा येते तिथे, तळवा धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. त्यानंतर व्होल्टेज उतरवायला घ्यायचे, तेही पाच-पाच पॉइंटनं. प्रत्येक पायरीवर मशीनला तासभर अवजड काम द्यायचं. ते अडखळलं की दोन पायऱ्या वर यायचं आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. मेमरीचा वेग वाढवताना तर ते फारच जपायचे. "प्रोसेसर बसला तर दिसतंय. मेमरी गुमान एक अक्षर बदलती, आन् आपण म्हणतो टायपिंगवाली पोरगी चुकली," असं त्यांचं म्हणणं.

माझी त्यांची गाठ पडली ती कॉलेजच्या लॅबमुळे. छावणीच्या बाजूला असलेल्या आमच्या कॉलेजात मी मुलींना इमारतींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायला शिकवते. लॅब वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. मशीनं अठरा. मे महिन्यात एसी बंद पडला आणि दुपारी बारानंतर एकेक मशीन आधी रांगायला लागलं, मग आपोआप बंद पडायला लागलं. प्राचार्य म्हणाले, "भंगारात काढू. कोर्सचं पुढे बघू." आमच्या संस्थेत 'पुढे बघू' म्हणजे कायमचं बंद. गंगापूर, वैजापूरकडून एसटीनं येणाऱ्या चाळीस मुलींचं शिक्षण त्या अठरा डब्यांवर अडलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझी नोकरीही.

मी अण्णांना घेऊन आले. त्यांनी अठराही मशीनांना तळवा लावला आणि थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, ही मशीनं मेली नायत, ह्यांना ताप आलाय. ताप आलेल्या माणसाला कुणी स्मशानात नेतं का?" प्राचार्यांना असं ऐकून घ्यायची सवय नव्हती. अण्णांनी वर पैज लावली. पंधरा दिवस द्या. मग एसीशिवायच, दुपारी बारा ते चार, अठराही मशीनं एकदम अवजड कामाला लावू. एक जरी बंद पडलं तरी सगळी भंगारात घाला. प्राचार्य 'बरं' म्हणाले, बहुधा पंधरा दिवसांची कटकट टळली म्हणून.

बारा मशीनं झाली आणि लासूरहून निरोप आला की भावाच्या विहिरीवरची मोटार जळाली. अण्णा तीन दिवसांसाठी गेले. जाताना म्हणाले, "ऱ्हायलेल्या सहाला पाच-पाचनंच उतरवा, मॅडम. घाई करू नका. परत्येकाचा जीव येगळा असतो."

मी घाई केली. चार नंबरच्या मशीनचा आकडा सगळ्यांत सरस, म्हणजे सगळ्यांत खालचा आला होता. त्याची सगळी सेटिंग, व्होल्टेजची आणि मेमरीची, मी पेन ड्राइव्हवर घेतली आणि सहाही मशीनांवर अर्ध्या तासात चढवली. मशीनं सुरू झाली, चालली. आता चिठ्ठ्या राहिल्या. सहाही चिठ्ठ्यांवर एकच आकडा दिसला असता तर अण्णांना लगेच कळलं असतं. म्हणून मी सहा वेगवेगळे आकडे मनानं लिहिले. प्रयोग न करता जर्नलमध्ये रीडिंग लिहिणाऱ्या मुलींना मी वीस वर्षं वर्गाबाहेर काढत आले होते, आणि स्वतः तेच केलं. अण्णा परत आले, चिठ्ठ्या वाचल्या, म्हणाले, "हात बसला की तुमचा." मी हसले.

चाचणीच्या दिवशी प्राचार्य आणि संस्थेचे दोघे जण खुर्च्या टाकून बसले. दीड वाजता तेरा नंबरच्या मशीनचा पडदा निळा पडला आणि ते थांबलं. मग सोळा. मग अठरा. अण्णांनी तेराचं सेटिंग उघडलं, कॅबिनेटमधली चिठ्ठी वाचली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. प्राचार्य म्हणाले, "काय हो, काय झालं?"

"माझा आकडा चुकला, साहेब," अण्णा म्हणाले. "एक दिस द्या."

दिवस मिळाला नाही, पत्र मिळालं. सदर व्यक्तीने संस्थेच्या यंत्रांमध्ये फेरफार करून ती बिघडवली असून तिला आवारात प्रवेश देऊ नये. मी तिथेच उभी होते. खरं काय ते मी सांगितलं नाही. आजही ते आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

संध्याकाळी गाळ्यावर गेले. अण्णा ओरडले नाहीत. "तिथंच संस्थेच्या लोकांपुढं तुम्ही बोलला असता तर तुमची नोकरी गेली असती, म्हणून म्या माझ्यावर घेतलं. पर मला बिघडवलं म्हणले, मॅडम. चोर म्हणले असते तरी सोसलं असतं. उद्या तुमच्या पायानं जा आन् खरं काय ते सांगा. इथं रडून काय व्हणार नाय."

दुसऱ्या दिवशी मी गेले आणि लिहून दिलं. सेटिंग मी चढवली, आकडे मी खोटे लिहिले. प्राचार्यांनी मला मेमो दिला. तो हातात घेऊन मी म्हणाले, "सर, आठ दिवस द्या. नाही चालली तर मशीनांबरोबर मलाही भंगारात काढा." माझा हा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता, मीही ऐकला नव्हता. ते म्हणाले, "आठ दिवस. पण तो माणूस आवारात येणार नाही."

माणूस येणार नाही, असं पत्रात होतं. मशीन बाहेर जाणार नाही, असं कुठेच नव्हतं. मी आणि मुलींनी सहाही मशीनं उचलली आणि फाटकासमोरच्या रसवंतीत नेऊन मांडली. रसवंतीवाल्यानं विजेची वायर ओढून दिली. तिथे अण्णा आठ दिवस बसले, उसाच्या चरकाची घुंगरं वाजतायत, पत्र्याचं छप्पर तापलंय, आणि हे पाच-पाचनं उतरवतायत. "हितं चालली तर कुठंबी चालतील," म्हणायचे. रोज प्राचार्यांची गाडी फाटकातून आत वळली की अण्णा रसाचा ग्लास उंच करून त्यांना रामराम घालायचे. मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या. मी हसले नाही, पण ग्लास मीही उचलायला लागले.

दुसरी चाचणी बारा वाजता सुरू झाली. एसी बंद. खिडकीतून झळा येत होत्या. दोन वाजले, तीन वाजले. मुली आपापल्या मशीनमागे उभ्या होत्या. चार वाजता अठराच्या अठरा मशीनं चालू होती. प्राचार्य उठले, तेरा नंबरच्या मागे हात धरून थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "बोलवा त्यांना."

मी धावत रसवंतीत गेले. अण्णांनी ऐकून घेतलं आणि जागचे हलले नाहीत. "येऊ नको असं लेखी दिलंय. ये असंबी लेखी द्या." शेवटी प्राचार्य स्वतः फाटकापर्यंत आले. "अहो, मी तोंडी सांगतोय ना."

"बिघडवलं असं तोंडी म्हणला असता साहेब, तर तोंडी आलो असतो."

पत्र काही निघालं नाही. प्राचार्य वाईट नव्हते, पण दिलेलं पत्र मागे घ्यायची आमच्या संस्थेत पद्धत नाही. अण्णाही आले नाहीत. पुढची पाच वर्षं लॅबचं मशीन बिघडलं की आम्ही ते रसवंतीत न्यायचो. उसाचा हंगाम नसला की बंद रसवंतीच्या ओट्यावर. मी कितीदा म्हटलं, "अण्णा, सोडा आता, नवीन वॉचमन तुम्हाला ओळखतसुद्धा नाही." ते म्हणायचे, "म्या ओळखतो ना मला." ज्या लॅबला त्यांनी जगवलं तिच्यात त्यांचा पाय पुन्हा पडला नाही. लोक त्याला हट्ट म्हणायचे. मीही म्हणत असे, आता म्हणत नाही.

गेल्या दिवाळीनंतर अण्णा गेले. झोपेतच गेले, कुणाला काही करायची संधी न देता. कोर्स चालू आहे. यंदा जूनमध्ये प्राचार्य निवृत्त झाले आणि प्रभारी म्हणून खुर्ची माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मी एक पत्र स्वतः टाइप केलं. सदर व्यक्तीने यंत्रे बिघडवली नव्हती. खोट्या नोंदी माझ्या होत्या. पूर्वीचा आदेश रद्द करण्यात येत असून त्यांना प्रयोगशाळेत प्रवेश देण्यात येत आहे. खाली सही केली आणि ते लिपिकाकडे दिलं.

त्यानं वाचलं, चष्मा काढला. "मॅडम, हे तर वारले ना?"

"हो."

"मग पाठवायचं कुणाला?"

"कुणाला नाही. जावक क्रमांक टाका आणि फाइलला लावा, त्या जुन्या पत्राच्या वर."

शिक्का त्यानं मारेपर्यंत मी तिथून हलले नाही.