शेवटची बारा पानं

“पुढं जाऊ द्या जी,” एवढंच ते म्हणायचे, आणि तेही वाचणाऱ्याच्या पाठीमागून.

वडशात आम्हा सहा-सात पुरुषांचं वाचनमंडळ आहे. रविवारी दुपारी गुरुजींच्या ओसरीवर जमायचं, जुनं नावाजलेलं पुस्तक पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं आणि चहा संपेपर्यंत त्यावर भांडायचं. मी भाताच्या गिरणीत कारकून. माझं भांडण नेहमी शेवटावरून.

हिवाळ्यात तुम्ही इकडची नाटकं पाहिली असतील, पण पडद्याआड वही धरून बसलेला प्रॉम्प्टर तुम्हाला दिसला नसेल. मंडळातले ते गृहस्थ तीस वर्षं नाटकांत तसे बसले होते. आमच्यातही गोलात बसत नसत. वाचणाऱ्याच्या मागे उकिडवे बसत. तो अडखळला की पुढचे दोन शब्द हलकेच त्याच्या कानात घालत. पुस्तक मात्र एकच असायचं, वाचणाऱ्याच्या हातात.

“हे आधी वाचलंय का तुम्ही?” मी एकदा विचारलं.

“नाई जी. वाक्य जिकडं जाऊन राह्यलं, तिकडंच जाते ना.”

आम्ही हसलो.

माघात एक जुनी कादंबरी घेतली. वर्षानुवर्षं परागंदा असलेला माणूस डोंग्यातून, लहानशा होडीतून, गावी परततो, त्याची गोष्ट. तो काठावर पाय ठेवतो आणि पुस्तक तुटतं. शेवटची बारा पानं वाळवीनं खाल्लेली.

“पुढचं वाळवीनं वाचलं,” म्हणत गुरुजींनी चष्मा काढला.

तेव्हा मागून ते अर्धं वाक्य पूर्ण झालं. मग पुढचं. मग त्याच्याही पुढचं. आवाज त्यांचाच होता, पण भाषा त्यांची नव्हती. शंभर वर्षांपूर्वीची, ग्रंथांतली. कुणी वळून पाहिलं नाही. चहावर साय धरली. संपल्यावर त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, “किती वाजले जी?” विचारलं आणि गेले.

तीन आठवड्यांनी चंद्रपुराहून पूर्ण प्रत मिळाली. त्या रविवारी ते आले नव्हते. गुरुजी शेवट वाचू लागले. चार ओळींतच कळलं. प्रत्येक वाक्य आम्ही आधी ऐकलेलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून बसलो. तसं ठरवलं नव्हतं कुणी. ते आले, आमच्याकडे आणि भिंतीकडे पाहिलं. मागे बसायला जागाच नव्हती.

“बरं हाये,” म्हणाले आणि पायरीवरूनच परतले.

मला ते लागून राहिलं. चैत्रात एका सकाळी त्यांच्या गावी गेलो. वडशापासून तासाभराची पायवाट, निम्मी जंगलातून. ते अंगणात चिंचा फोडत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, “तुम्ही भेले नं, भाऊ?”

“हो.”

“मंग मी किती भेलो असन! मले नाई मालूम ते कोण बोललं. घरी आलो तं बायकोसंग बोलाचीबी भीती वाटे. आपल्या तोंडातून काय निंगन, काय सांगता येते?” त्यांनी चिंचोके सुपात टाकले. “तुमच्यात येऊन बसलो असतो तं बरं वाटलं असतं. म्हून तं आलो होतो त्या दिवशी.”

मी म्हणालो, “रविवारी या. गोलात बसा, माझ्या शेजारी.”

“येतो,” ते म्हणाले. पहिल्यांदाच हसले.

रविवारी मी शेजारची सतरंजी मोकळी ठेवली. पाच वाजले. गुरुजींनी त्यांच्या घरी फोन लावला. बायको म्हणाली, “ते तं जेवून तवाच निंगाले. धुतलेला सदरा घालून.”

चार दिवस गाव, पोलीस, जंगलखात्याची माणसं शोधत होती. वाघाचा माग नाही, रक्त नाही, दुपट्टा नाही.

फक्त मोहफुलं वेचणाऱ्या एका बाईनं त्यांना पाहिलं होतं, भर दुपारी, वाटेच्या कडेला.

“हाक मारली मी,” ती आम्हाला म्हणाली. “त्याइनं हातानं गप केलं मले. मोहाच्या झाडापाशी कान देऊन उभे होते, मान हलवत. जसं कोणी काई सांगून राह्यलं त्याइले. मंग ‘हो जी’ म्हणाले आन् आत जंगलात गेले.”