अण्णांच्या नावावर खपवलेली प्लेट

हे मी मेघनाला सांगितलेलं नाही. म्हणजे कुणालाच नाही — कारण माझं जे काही सांगण्यासारखं असतं ते मी बायकोलाच सांगतो, आणि हे तिच्या वडिलांबद्दल आहे. नाही, चुकलो. माझ्याबद्दल आहे. बघा, सुरुवातीलाच त्यांच्या अंगावर ढकलायला निघालो होतो. सवय जात नाही.

आधी माझ्या छंदाबद्दल सांगतो. छंद म्हणे! मी चिंचवडचा, मला धड पोहताही येत नाही, आणि गेली बारा वर्षं मी हॅनोव्हरमध्ये बसून जर्मन नौदलाच्या जुन्या वस्तू जमवतोय. कैसरच्या काळातल्या खलाशांच्या टोप्यांच्या काळ्या फिती, त्यांवर सोनेरी अक्षरांत जहाजाचं नाव. एक पितळी घड्याळ, एक दुर्बीण. दर शनिवारी नदीकाठच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, मी सकाळी सकाळी हजर. तिथले म्हातारे विक्रेते मला नावाने ओळखायला लागले. हा भारतीय आपल्याइतकंच जाणतो, असं एकाने दुसऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं आणि दिवसभर हवेत होतो. ऑफिसात इतकी वर्षं काढली, तिथे मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मग काय, त्या कौतुकापायी मी पुढे पुढे जात राहिलो. कैसर झाला, आता पुढचं युद्ध. हिटलरचं.

त्या काळातल्या वस्तू टेबलावर उघड्या मांडायला मनाई आहे. वस्तू चालते, तिच्यावरचं चिन्ह लोकांना दिसलं तर चालत नाही. मग विक्रेते काय करतात? चिन्हावर एक गोल स्टिकर चिकटवतात. घरी नेऊन तो नखाने काढायचा. विचाराल तर सगळे एकच सांगतात — आम्हाला फक्त इतिहासात रस आहे. मीही तेच सांगायचो. अहो, इतिहासच हवा असेल तर गावात लायब्ररी काय ओस पडली होती? इतिहासात रस असलेला माणूस स्टिकर काढताना दाराची कडी लावतो का? मी लावायचो.

तर ती प्लेट. नौदलाच्या मेसमधली, पांढरी, जाडजूड, काठाला निळी रेघ. समोरून बघाल तर कुठल्याही हॉटेलातली वाटेल. पाठीमागे मात्र गरुड, आणि गरुडाच्या पायात ते — नाझींचं. आपल्या उंबऱ्यावर काढतो त्या स्वस्तिकाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ती शोकेसमध्ये पाठ भिंतीकडे करून ठेवली होती. मेघनाला वाटायचं, होडीवाल्यांचं सामान आहे, असेना का; त्यात काय काय आहे ते तिने कधी नीट बघितलंही नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीला अण्णा आले होते, माझे सासरे. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, एकटेच आले होते तीन महिन्यांसाठी. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेला माणूस. काय शिकवायचे ते पुढे सांगतो, आत्ता सांगायला जीभ रेटत नाही.

फराळ झाला. शेजारी द्यायला नको का? खालच्या मजल्यावर फ्राऊ हार्टमान राहायच्या, ऐंशीच्या आसपासच्या, आमची पार्सलं घेऊन ठेवणाऱ्या. स्टीलच्या ताटल्या सगळ्या भरलेल्या, आणि शेजाऱ्याला प्लास्टिकच्या डब्यातून द्यायचं अण्णांना पटेना. चांगली चिनी मातीची प्लेट हवी. शोकेसमध्ये दिसली, काढली, उलटून न बघता वरून पुसली, तिच्यावर कागद अंथरून चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू रचले आणि सईला, तेव्हा लहान असलेल्या माझ्या लेकीला, बरोबर घेऊन देऊन आले. मी ऑफिसात होतो. दुसरं कोण करेल असं? आपलाच माणूस करेल.

आपल्याकडे प्लेट रिकामी परत येत नाही. ही आली. दुसऱ्या दिवशी बेल वाजली, दारात फ्राऊ हार्टमान, हातात प्लेट — पालथी. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की त्यांच्या मावशीला फिट्स यायच्या म्हणून ह्या चिन्हाच्या लोकांनी तिला एका संस्थेत नेलं, तिथे अशा आजाऱ्यांना मारून टाकायचे, आणि मग घरी फक्त पत्र आलं की ती वारली. मग विचारलं, ही प्लेट कुणाची?

आणि मी — थांबा, सांगतो. माझा नागरिकत्वाचा अर्ज, आइनब्युर्गरुंगचा, तेव्हा सरकारी टेबलावर पडून होता. ही बाई तक्रार करेल, चौकशी होईल, सगळं बोंबलेल, हे एका क्षणात डोक्यात आलं. ही सबब नाही हं. ही सबब असूच शकत नाही. मला तेव्हा काय सुचलं तेवढं सांगतोय. मी म्हणालो, सासऱ्यांची. त्यांनी जुन्या बाजारातून आणली. आमच्याकडे हे चिन्ह पवित्र असतं ना, त्यांना वाटलं तेच आहे. म्हातारे आहेत, खेड्यातले आहेत, त्यांना इथलं काही माहीत नाही.

खेड्यातले! सांगली खेडं?

आणि फ्राऊ हार्टमानना ते लगेच पटलं, ह्याचा मला अजून संताप येतो. एक प्रश्न नाही, शंका नाही. आख् झो, म्हणजे अस्सं होय, म्हणाल्या, त्या बिचाऱ्यांना कसं कळणार. म्हातारा भारतीय म्हटलं की अडाणी असणारच! पण त्यांच्यावर चिडून काय करू? हे त्यांना पटेल हे मला आधीच माहीत होतं. म्हणून तर मी ते खोटं निवडलं. पिढ्यानपिढ्या गोऱ्यांनी ज्या नजरेने आपल्याकडे बघितलं म्हणून आपण बोटं मोडतो, तीच नजर मी त्या दिवशी वापरली, आणि तीही कुणावर?

मेघना संध्याकाळी अण्णांवर चिडली. माझ्याकडूनच ऐकलं होतं ना तिने. "अण्णा, दुसऱ्याच्या देशात येऊन असलं काहीतरी उचलून आणायचं? मला विचारायचं तरी!" मी स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होतो. अण्णा काय म्हणतात म्हणून कान देऊन उभा होतो. मग आवाज आला, "चुकलं माझं." मोहरी करपली, तरी मी हललो नाही.

तेवढ्यावर संपतं तर. रविवारी फ्राऊ हार्टमान वर आल्या. घरी केलेला केक घेऊन, आणि एक पातळ पुस्तक घेऊन — मोठी चित्रं, सोपं इंग्रजी, शाळकरी मुलांसाठी असतं तसलं. अण्णांच्या शेजारी बसल्या आणि बोट ठेवून ठेवून, हळूहळू, हिटलर कोण होता ते त्यांनी अण्णांना समजावून सांगितलं.

अण्णा इतिहास शिकवायचे. दहावीच्या वर्गांना, तीस वर्षं. दोन्ही महायुद्धं तोंडपाठ. सांगलीच्या निम्म्या गावाला त्यांनी ते सगळं फळ्यावर नकाशे काढून शिकवलं असेल. तो माणूस मांडीवर हात ठेवून त्या पुस्तकातली चित्रं बघत होता. एकदाच त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी निभावून नेलं असतं. ते नुसते बघत होते, वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघावं तसे. मग त्या बाईंकडे वळून म्हणाले, "सॉरी मॅडम. आय डिड नॉट नो." त्यांनी अण्णांचा हात थोपटला. मेघनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी केक कापत होतो.

त्या गेल्यावर अण्णा मला एवढंच म्हणाले, "विवेकराव, तुमचं काम अडू नये म्हणजे झालं." त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. जायच्या दिवशी मी पाया पडलो तर नेहमीसारखा आशीर्वाद दिला. पुन्हा बोलावलं तेव्हा गुडघे दुखतात म्हणाले. माझं काम अडलं नाही. माझा पासपोर्ट आता जर्मन आहे. अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. मी अंत्यविधीला गेलो, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची रांग बघितली, एकेकाचा नमस्कार घेतला — सरांचे जावई म्हणून.

आणि मेघना तो किस्सा सांगते हो! मंडळाच्या सहलीला, पाहुण्यांना. प्रेमाने सांगते, आमचे अण्णा किती भोळे होते म्हणून. लोक हसतात. मीही हसतो. एकदा तर मेघना मधलं काही विसरली, ते मीच सांगितलं. ह्याला काय म्हणायचं? भित्रेपणा एका वेळेपुरता असतो. हे मी वर्षानुवर्षं, चहा पिता पिता केलंय.

सई आता नववीत आहे. घरी आम्ही मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. गेल्या महिन्यात इतिहासाच्या तासाला त्यांना निबंध होता, त्या काळाबद्दल आपल्या घरात काय बोललं जातं ह्यावर. तिने दोन पानं लिहिली. माझ्या आजोबांना हिटलर कोण ते माहीत नव्हतं, एका शेजारीणबाईंनी त्यांना शिकवलं, म्हणून शाळा महत्त्वाची. शिक्षिकेने खाली लाल शाईत शेरा दिलाय, अतिशय प्रामाणिक लेखन.

त्याच्या खाली पालकांची सही लागते. सई पेन घेऊन उभी होती. मी दोन्ही पानं वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि सही केली.