बंद पडलेलं जहाज आणि अक्कांचं जेवण

तंजावूरला मेलवीदीच्या मागच्या गल्लीत कनकलताबाईंना कुणी नावाने हाक मारत नाही. सगळ्यांच्या त्या ‘टीचर’. ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला. सकाळी डबा घेऊन बस धरायची, संध्याकाळी त्याच बसने परत. बंगालचा उपसागर त्यांनी फळ्यावर इतक्या वेळा काढला होता की डोळे मिटून खडू फिरवला तरी किनारा जागच्या जागी यायचा. पण त्या उपसागराच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंना नुसतं पाणी बघावं ही हौस काही पुरी झाली नव्हती. नागपट्टिणमला जाऊन पावलं भिजवून येणं म्हणजे वासावर जेवण झाल्याचं समाधान मानणं, असं त्या म्हणत.

हौस राहण्याचं कारण घरातच होतं, आणि त्या कारणाचं नाव वेंकूबाई.

वेंकूबाई टीचरच्या नणंद, नवऱ्याच्या थोरल्या बहीण. गल्ली त्यांना अक्का म्हणते. ऐन विशीत नवरा गेला आणि अक्का माहेरी परतल्या, त्या कायमच्या. आता ऐंशी ओलांडलेली. सोवळं असं कडक की शास्त्रानेसुद्धा दोन पावलं मागे सरावं. भावजयीने ओलेत्याने रांधलेलं तेवढंच खायचं, दुसऱ्या कुणाच्या हातचं नाही. सख्खी भाची, टीचरची मुलगी हरिप्रिया, चेन्नैला कंपनीत नोकरीला, तर तिच्या हातची कॉफीही वर्ज्य. कारण ती तिकडे कुणाच्या पंगतीला बसून काय खाते, देव जाणे. पूर्वी अक्का स्वतः रांधत. मग डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि एकदा गॅसवर पदर पेटला. तेव्हा भावाने, प्राणेशरावांनी, त्यांच्याकडून देवासमोर वचन घेतलं की पुन्हा शेगडीला हात लावायचा नाही. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, प्राणेशराव गेले, वचन मात्र राहिलं. शाळेची सहल असो की चुलत दिराच्या घरचं लग्न, टीचर सकाळी जाऊन संध्याकाळी घरात.

लोक म्हणत, म्हातारीने भावजयीला चांगलंच वेठीला धरलंय. लोकांना बोलायला काय जातं? नवी सून म्हणून आलेल्या कनकाला बी.एड. करायचं होतं आणि सासरे ‘नको’वर अडून बसले होते, तेव्हा ह्याच अक्कांनी घरात मौन धरलं होतं. वडिलांनी हाका मारल्या, भावाने हात जोडले, अक्का तोंडातून शब्द काढीनात. शेवटी सासरे म्हणाले, ‘शिकूं दे तिला, पण हिला बोलायला सांगा!’ टीचर हे कधी विसरल्या नाहीत. त्यांचं अक्कांवर प्रेम होतं, आणि त्या प्रेमाचा त्यांना अधूनमधून भयंकर रागही येई. दोन्ही खरं.

हरिप्रियेने आईच्या साठीनिमित्त परस्पर तिकिटं काढली. चेन्नै बंदरातून निघायचं, खोल समुद्रात फिरायचं आणि तिसऱ्या दिवशी परत. जहाजाचं नाव मोठं झगझगीत होतं. ते इथे सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही.

“अम्मा, तू येतेस कीं मी एकटीच जाऊं?” हरिप्रियेने विचारलं.

“अयो, अक्कांना काय सांगूं गे?”

प्रश्न बरोबर होता. समुद्र ओलांडणाऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा अक्कांना चालत नसे. त्यांचा एक भाऊबंद सिंगापूरला जाऊन आला, तर त्याला त्यांनी बाहेरच्या ओट्यावर, म्हणजे तिण्णैवर, बसवून बोळवला होता. रामेश्वरला जातानाही पुलाखाली समुद्रच लागतो. पण तिथे देव बसलेला असल्याने तो समुद्र त्या हिशेबात धरत नसत. टीचरनी नेमकं तेच दार शोधलं. “रामेश्वरला जाऊन येतें, अक्का,” त्या म्हणाल्या. आयुष्यभर मुलींना खरं बोला म्हणून सांगणारी बाई ती. सांगताना त्यांनी अक्कांकडे पाहिलं नाही, भाजीच चिरत राहिल्या.

“बरें झालें. माझाही नमस्कार सांग देवाला,” अक्का म्हणाल्या.

मग टीचर रांधायला लागल्या. शिळं चालत नाही, पण दुधात भिजवलेल्या दशम्या चालतात. दशम्या झाल्या, रव्याचे लाडू झाले, भाजलेलं पीठ झालं. केळ्यांचा घड आणला. तीन दिवसांचं म्हणून चार दिवसांचं भरून ठेवलं. समोरच्या वरलक्ष्मीला, “दिवसांतून दोनदां डोकावून जा,” म्हणून सांगितलं, आणि सासुरवाशिणीने माहेरी पळावं तशा त्या निघाल्या.

पहिला दिवस काय वर्णावा! संध्याकाळी किनारा बुडाला आणि टीचर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. चारी बाजूंना पाणी. फळ्यावरचा निळा खडू कुठे आणि हे कुठे! पोरगी जेवायला बोलवायला आली तर आई डोळे पुसत होती. ती म्हणाली, “वारं लागतंय,” आणि पोरीने शहाण्यासारखं ते मानलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून धूर आला. इंजिनाच्या खोलीत आग लागली होती. सगळ्यांना नारंगी जाकिटं घालून वरच्या डेकवर उभं केलं. आग तासाभरात विझली, माणसं सगळी सुखरूप, पण इंजिन गेलं ते गेलंच. दिवे गेले, पंखे गेले, नळ गेले. एवढा थोरला राजवाडा पाण्यावर ओंडक्यासारखा डुलत राहिला.

मग जे व्हायचं ते झालं. खोल्यांत जीव गुदमरायला लागला म्हणून लोकांनी गाद्या ओढून डेकवर आणल्या. संडासाची दुर्दशा सांगत नाही, जेवताना कुणी वाचत असेल. खाण्याला पाव, लोणी आणि डब्यातली फळं, त्यासाठी लांब रांग. आदल्या दिवशी ज्यांनी एकमेकांकडे बघितलं नव्हतं ते आता चादरींचे तंबू बांधून शेजारधर्म पाळत होते. एक कोइंबतूरचे व्यापारी रोज कप्तानाच्या नावाने शंख करत आणि मग तोंड धुवायला पाणी नाही म्हणून आणखी करत. टीचर मात्र कुणावर चिडल्या नाहीत. रांगेत उभ्या राहिल्या, पाव घेतला, कडेला बसून खाल्ला. कुणाच्या हातचा, कुठल्या भट्टीतला, काही विचारलं नाही. भूक लागली होती.

परत पोचायचा दिवस उजाडला आणि मावळला. ओढून नेणाऱ्या बोटी निघाल्यात, येतील, वारा उलटा आहे, अशा बातम्या येत राहिल्या. तेव्हापासून मात्र टीचरच्या तोंडात पावाचा घास फिरायला लागला.

“दशम्या संपल्या असतील गे,” त्या म्हणाल्या.

“अम्मा, आपण इकडे कप्पलवर अडकलोंय, आणि तूं दशम्या मोजतेस?”

“आपल्याला पाव तरी मिळतो. ती कुणाच्या हातचें घेणार? मी येईंपर्यंत बसून राहील. तुज माहीत आहे ती कशी.”

हरिप्रियेला माहीत होतं.

शेवटी जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने उपग्रहाच्या फोनवरून प्रत्येक कुटुंबाला एक छोटा फोन करू दिला. हरिप्रियेला ऑफिसला कळवायचं होतं, नोकरी नवी होती. आईचा चेहरा बघून तिने फोन आईच्या हातात दिला. टीचरनी वरलक्ष्मीचा नंबर लावला.

“टीचर! तुम्ही कुठे?” वरलक्ष्मी ओरडलीच. “अक्का काल सकाळपासून जेवल्या नाहींत. मी भात आणला, दूध आणलें, हात जोडले. म्हणतात, कनका रामेश्वराहून येईल, तिच्या हातचें खाईन. तुळशीचें पाणी तेवढें घेतात. उठून बसतांना भिंत धरतात. काय सांगूं मी त्यांना?”

टीचरच्या कानात समुद्र वाजत होता. अधिकारी मनगटावरचं घड्याळ दाखवत होता. ‘उद्या येते’ म्हटलं असतं तर अक्का उद्यापर्यंत बसल्या असत्या, आणि उद्या म्हणजे कधी, हे कप्तानालाही ठाऊक नव्हतं. भावजयीच्या हाताची आस आहे तोवर ती बाई दुसरा घास घेणार नाही. मग ती आसच तोडायला हवी. टीचरना हे उमगलं. साठीच्या त्या बाईचं घरातलं सगळं वैभव काय, तर अक्का फक्त तिच्या हातचं खातात! ज्याचा राग यायचा तेच आता हातातून सुटताना जीव तुटत होता.

“वरलक्ष्मी, ऐक,” त्या म्हणाल्या. “अक्कांना सांग, कनका रामेश्वरला गेली नाहीं. खोटें बोलली. ती कप्पलवर आहे, समुद्राच्या मध्यें. कुणाच्याही हातचा पाव खाल्ला तिने. आतां तिच्या हातचें तुम्हांला चालणार नाहीं, आज नाहीं, कधींच नाहीं. म्हणून तिची वाट बघूं नका. वरलक्ष्मीच्या हातचें खा. असेंच सांग. एक शब्द गाळूं नको.”

“टीचर, असें कसें मी...”

फोन तुटला. टीचर कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. चारी बाजूंना पाणीच होतं, पण आता त्यांना ते बघवेना. हरिप्रिया जवळ येऊन उभी राहिली आणि लहानपणी धरायची तसा तिने आईचा पदर धरला. त्या दोघींना त्या क्षणी एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

ओढणाऱ्या बोटी आल्या. जहाज मुंगीच्या पावलांनी चेन्नैला लागलं. बंदरावर कुणी हार घेऊन आलं होतं, कुणी कॅमेरे घेऊन. कंपनीचा माणूस हात जोडून पुढच्या वर्षीच्या फुकट सफरीचं बोलत होता, आणि कोइंबतूरच्या व्यापाऱ्यांनी त्याला तिथेच चांगला झोडपला, तोंडाने. टीचर थांबल्या नाहीत. उसन्या फोनवरून त्यांनी आधी वरलक्ष्मीला गाठलं.

“सांगितलें मी, सगळें,” वरलक्ष्मी रडवेली होऊन म्हणाली. “अक्कांनी ऐकून घेतलें आणि माझ्या तोंडावर दार लावलें. आंतून कडी. भात तिण्णैवर ठेवला तर कावळ्यांनी खाल्ला. पूजेची घंटा वाजते म्हणून जिवंत आहेत म्हणायचें. तुम्ही येतां म्हणून दाराबाहेरून सांगून ठेवतें. लवकर या, टीचर.”

हरिप्रियेला ऑफिसात तोंड दाखवणं भाग होतं. “मी येऊं कीं?” तिने तीनदा विचारलं. “नको. बोलणीं मज एकटीलाच खाऊं दे,” टीचर म्हणाल्या आणि एळुंबूर स्टेशनावरून सकाळची चोळन एक्सप्रेस धरून निघाल्या. सहा दिवसांचं एकच लुगडं अंगावर, केसांत मीठ. कुंभकोणम गेलं. पापनाशमला गाडी उगाच रेंगाळली आणि जहाजावर जी बाई एकदाही ओरडली नव्हती, ती खिडकीतून गार्डवर ओरडली.

गल्लीत रिक्षा थांबली. दाराला आतून कडी नव्हती, दार नुसतं लोटलेलं होतं. टीचर तिण्णैवरच थांबल्या. आत पाऊल टाकायचा आपला हक्क उरला आहे की नाही, हे त्यांना कळेना.

“अक्का...”

“आलीस?” आतून आवाज आला. खोल गेलेला, पण आवाज. “तिथेंच थांब. मागल्या अंगाने जा, विहिरीवर अंघोळ कर. डोक्यावरून. मग ये. स्वैंपाकघरांत येऊं नको, उंबऱ्याबाहेर बस.”

टीचर गेल्या, डोक्यावरून पाणी ओतून घेतलं, दोरीवरचं धुवट नेसल्या आणि स्वैंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन बसल्या. तिथे केळीचं पान मांडलेलं होतं. आत अक्का शेगडीपाशी उभ्या होत्या, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात पळी. वाळून काडी झाल्या होत्या. पदर पोटाशी घट्ट खोचलेला. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला दुसरं पान होतं, अक्कांचं.

“अक्का, शेगडी तुम्ही... वचन दिलें होतेंत!”

“देवासमोर दिलें होतें, देवालाच सांगून मोडलें. मग काय करूं? वरलक्ष्मीच्या हातचें चालत नाहीं. तुझ्या हातचें चालत नाहीं, तूंच सांगून पाठवलेंस. उरलें कोण?” अक्का वाकल्या आणि उंबऱ्यावरून हात लांब करून तिच्या पानावर भात वाढला. भात खाली लागलेला, वर कच्चा. वरणात डाळ वेगळी, पाणी वेगळं. “पहिल्या दिवशीं जळालें. दुसऱ्या दिवशीं कच्चें राहिलें. आज खाण्यासारखें आहे. जेव.”

“मी खोटें बोललें, अक्का.”

“बोललीस. मग खरेंही बोललीस. मी जेवावें म्हणून बोललीस, एवढें कळतें मज, म्हातारी असलें तरी.”

अक्का आपल्या पानावर बसल्या. नणंद आत, भावजय बाहेर, मध्ये उंबरा. टीचरनी घास उचलला. त्या पानावर वाकून लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. अक्कांनी त्यांना रडू दिलं. मग ताकाची वाटी उंबऱ्यावरून पुढे सरकवली.

“कनका,” त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळीं कुठें जायचें असलें तर सांगून जा. माझें मी रांधून घेतें.”