जर्मनीच्या किल्ल्यातली आगारी

"आमना किल्लामा असं नव्हतं, भो!" नानांनी हे वाक्य म्हटलं नाही असा दिवस दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत उगवायचा नाही. नळाला पाणी नाही, जिन्याला कठडा नाही, पंगत उशिरा बसली, कशातही किल्ला. नवख्याला वाटायचं, हे कुठल्या तरी सरदाराचे वंशज. वंशज कसले! पाचोऱ्याकडचे फिटर, नोकरीत आणि पुढे भुसावळला घर बांधल्यावरही माझे शेजारी. तरुणपणी टर्बाइनच्या प्रशिक्षणाला तीन महिने जर्मनीला गेले होते. तिथं राहायची सोय एका जुन्या किल्ल्यात होती, एवढंच त्यांचं राज्य.

त्या किल्ल्याची बखर मला तोंडपाठ. आधी सरदार, मग कैदी, मग लढाईतले जखमी शिपाई. नानांच्या वेळी खाली शाळेच्या सहलीची पोरं मुक्कामाला, वर नानांसारखे शिकाऊ आणि शनिवारी अंगणात लग्नं. "कैदी मेले त्याच खोलीमा पोरं उशा फेकी मारतस," नाना सांगायचे. किल्ल्याची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना ते अक्का म्हणत. त्या बिचाऱ्या ओ द्यायच्या!

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. तुम्ही खान्देशातले असाल तर सांगायला नको. त्या दिवशी पितरांसाठी पाण्याची घागर भरायची आणि गोवरीच्या निखाऱ्यावर त्यांच्या नावाने तूप आणि घास टाकायचा. भडकला, म्हणजे पितर जेवले. हीच आगारी. किल्ल्यात गोवरी कुठली? नानांनी लग्नाच्या शेगडीतले उरलेले कोळसे तव्यात पेटवले, घागर म्हणून दुधाचा जग भरला आणि आमरसाऐवजी पावाला जर्दाळूचा जाम फासला. खोलीचं दार लावून आई-वडिलांच्या नावाने दोन घास टाकले. तिसरा तुकडा हातातून निसटला आणि भसकन पेटला. तेवढ्यात आगीची घंटा! सगळी पोरं अंगणात, त्यातलं एक साबण लावलेल्या अंगानं. अक्का ओरडत वर आल्या. नाना हात जोडून म्हणाले, "फादर, मदर, ईटिंग." अक्कांनी जग पाहिला, तवा पाहिला, खिडकी उघडली आणि चक्क शेजारी बसल्या.

इथवर आम्ही पोट धरधरून हसायचो. पुढचं नानांनी मला एकट्यालाच सांगितलं. दोन दिवसांनी घरून निरोप आला. आखाजीच्याच दुपारी, सणाच्या झोक्यावरच्या पोरींना पाणी द्यायला निघालेली त्यांची बायको अंगणात कोसळली ती उठलीच नाही. नाना परतले तोवर तेरावाही उरकला होता. शेवटचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही हो.

"तिसरा घास कोना व्हता, सांग," ते विचारायचे. "माले शोधत ती तठे उनी. जेवनी. आनि मी तिले तठेच सोडी उनू."

"नाना, ती तिथं कशी येईल? उगाच मनाला लावून घेऊ नका," मी म्हणायचो. पण दर आखाजीला त्यांच्या अंगणात मी बघत होतो. आई-वडिलांचा घास भडकायचा, तिच्या नावाचा नुसता धुमसायचा. तुपाची वाटी संपायची, घास पेटायचा नाही. मला भीती वाटायची, खरं सांगतो. पुढं पुढं मी त्या वेळी काहीतरी काम काढून बाजारात जायला लागलो.

एकदा तिथं जाऊन तिला घरी आणायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांच्या पुण्याच्या मुलानं मोबाइलवर किल्ला दाखवला. तटावर नवरी फोटो काढून घेतेय, पोरं खिदळताहेत. "बघा नाना, एवढ्या गर्दीत कोण राहील?" नानांचं नवरीकडे लक्षच नव्हतं. "वरली तिसरी खिडकी," ते म्हणाले. "तठेच शे ती." हट्टानं पासपोर्ट काढला. डॉक्टरांनी विमान नको म्हणून सांगितलं, हृदय थकलं होतं. गेल्या पितृपक्षाच्या आधी नाना गेले.

मुलाकडे आगारी करत नाहीत. म्हणून या आखाजीला नानांची पहिली घागर मी भरली. मी नात्याचा ना गोत्याचा, पण कुणीतरी भरायला हवी. त्यांच्या नावाने घास टाकला. निखारे लालबुंद, तूप साजूक, आणि घास नुसता धुमसतोय. 

"अजून चमचाभर तूप घालू का?" बायकोनं विचारलं.

"राहू दे गं," मी म्हणालो. "नाना इकडे यायचे नाहीत. ते तिच्याकडे गेलेत."