खांडीत गेलेलं भात

गोटीरामला गावात कुणी शहाणा म्हणत नसे. उलव्याच्या आसपास ज्यांच्या जमिनी संपादनात गेल्या, त्यांनी चाळी बांधल्या, गाड्या घेतल्या. गोटीरामचं खाडीला लागून असलेलं पाऊण एकर खारं शेत तेवढं कुणी मागितलं नाही, आणि हा पठ्ठ्या बासष्टाव्या वर्षीही तिथं भात लावत राहिला. त्याचा मुलगा केतन न्हावा शेव्याला यार्डात नोकरीला. तो दरवर्षी सांगे, "बाबा, सोडा ना आता." गोटीराम ऐकल्यासारखं करी आणि दुसऱ्या दिवशी बांधावर हजर.

खाडीचं पाणी अडवणाऱ्या या मातीच्या बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. पुढच्या उधाणाच्या आत घरटी एका माणसानं येऊन ती बुजवायची, ही गावाची जुनी रीत. यंदा भाद्रपदाच्या अवसेला अतिवृष्टी आणि उधाण एकदम आलं. खांड पडली आणि पसवलेलं, लोंब्या धरलेलं भात खाऱ्या पाण्यात जळून गेलं. गोटीराम दारोदार फिरला. एक माणूस आला नाही. मग तो आणि त्याची बायको पुतळा, दोघंच आठ दिवस चिखल उपसत होते. चिखल धरून राहावा म्हणून मध्ये पेंढा घालतात. पेंढा नव्हता, म्हणून त्यानं मेलेलं भात मुळासकट उपटलं आणि सगळं खांडीत भरलं. पुढचं उधाण आलं, बांध हलला नाही. गोटीराम आठवडाभर छाती काढून फिरत होता.

तेवढ्यात सरकारनं तातडीची मदत जाहीर केली. त्या पैशात दोन दिवस पोकलेन लावून बांध पक्का झाला असता. नाहीतर हातानं बुजवलेली खांड पुढच्या पावसात फुटून शेत खाडीत जाणार, हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होतं. पंचनाम्याच्या शेवटच्या दिवशी तलाठी आल्या, नमिता मॅडम. नव्या होत्या, पण माणुसकीच्या. त्यांनी मोबाईल वर धरला आणि रिकाम्या शेताकडे बघत राहिल्या.

"काका, नुकसान झालेलं पीक कुठंय? फोटोशिवाय नाव यादीत जात नाही."

"हाय ना. बांधात हाय. खांड बुजवाला घातला."

"थोडं थांबायचं होतं तुम्ही."

"थांबलो आसतो तर शेत गेला आसता."

मॅडमनी मोबाईल खाली घेतला. गोटीरामचं डोकं फिरलं. जन्मभर खोटं बोलला नव्हता, आणि आज त्याचं खरं कुणाला दिसत नव्हतं. तो कुदळ घेऊन बांधावर चढला.

"आवो, भरती हाय," पुतळा म्हणाली.

भरतीची वेळ विचारायला एके काळी अख्खं गाव ज्याच्याकडे येई, त्या माणसानं ते ऐकलंच नाही. त्यानं हात-दीड हात खणलं आणि काळं पडलेलं भात मुठीनं ओढून बाहेर काढलं. त्याच्या मागोमाग पाणी आलं. आधी बोटाएवढं, मग बघता बघता मांडीएवढं, आणि काढलेलं भात त्यात वाहून गेलं.

मॅडमनी घाईनं फोटो काढला. त्यात कुदळ हातात घेतलेला गोटीराम आणि फुटलेला बांध एवढंच आलं. "स्वतः फोडलेल्या बांधाचा पंचनामा मी कसा लिहू, काका?" त्या रडवेल्या झाल्या होत्या.

गोटीराम पाण्यात उतरून दोन्ही हातांनी चिखल लोटत होता. लोटलेला चिखल पाणी घेऊन जात होतं.

"पुतळे, माती दे."

पुतळा बांधावर बसली होती. ती उठली नाही.

"माज्याच्यानं आता नाय व्हनार," ती म्हणाली.

त्यानं हातातला चिखल सोडून दिला. मग खांड उघडी टाकून पाण्यातून वर आला. असं त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.