होडी मागितली, विहीर दिली

विहीर बांधून दोन महिने झाले होते आणि पोहऱ्याचा दोर अजून नवाकोरा होता. मी तो हातात घेऊन उभा राहिलो. कुठे घासल्याची खूण नाही. खाली पाणी इतकं संथ की माझी पगडी मला नीट दिसत होती. गावात चिटपाखरू दिसत नव्हतं. आणि आठ दिवसांनी आमच्या कमिटीचे शेटजी मुंबईहून ठाण्याला उतरून याच विहिरीचं उद्घाटन करणार होते.

मी तेव्हा मुंबईच्या एका कापूस कंपनीत ओव्हरसियर होतो, म्हणजे बांधकामावर देखरेख करणारा. कंपनी दर गाठीमागे थोडी रक्कम धर्मादायासाठी बाजूला काढी. त्यातून कुठे धर्मशाळा, कुठे शाळेची खोली, कुठे तळ्याचा घाट होई. गावोगावचे अर्ज येत. मी जागेवर जाऊन इन्स्पेक्शन करी आणि रिपोर्ट लिही. तो वाचून कमिटी ठरवी. खरं सांगायचं तर कमिटी रिपोर्टची शेवटची ओळ तेवढी वाची, त्यामुळे मी त्या ओळीला फार जपत असे.

माझी एक खोड होती. अर्ज वाचता वाचताच मला पुरं झालेलं काम डोळ्यांपुढे दिसू लागे. कोपरीच्या पुढच्या या खाडीकाठच्या गावाने ‘पिण्याचे पाणी नेण्यास एक होडी व पिंपे’ मागितली होती. मी श्रावणात पाहायला गेलो. गाव माणसांनी भरलेलं, भातं पोटरीला आलेली, आणि सगळे एका गढूळ तळ्याचं पाणी पीत होते. मी बांधावर उभा राहिलो आणि मला विहीर दिसली. काळ्या दगडाची, भोवती बायका, ओल्या पायऱ्या, घागरींचे आवाज. भोळी माणसं, मी मनात म्हटलं. गावातच पाणी लागलं तर होडी हवी कशाला? कुठून कुठे न्यायचंय, हे मी विचारलंच नाही. शेवटची ओळ लिहिली: ‘होडीऐवजी विहीर द्यावी.’

कमिटी खूश. विहिरीला शेटजींच्या नावाची शिळा बसवता येते.

दिवाळीनंतर वडारी लावून खोदाई सुरू केली. पाणी गोड लागलं. मी ठाण्याहून जाऊन येऊन असे. गाव रिकामं दिसे, पण लोक कामाला गेले असतील असं मला वाटे. ते कामालाच गेले होते. आठ महिन्यांसाठी.

हे मला त्या दिवशी, नवा दोर हातात घेऊन उभा असताना, धर्मीबायने सांगितलं. गुडघे धरले म्हणून ही म्हातारी तेवढी गावात मागे राहिली होती.

“सगली मिठागरावं,” ती म्हणाली. “दिवाली झाली का आमी थयच ऱ्हातो. पावसाला आला का घरा येतो.”

मिठागर म्हणजे मिठाचे वाफे. भरतीचं पाणी आत घेऊन उन्हात आटवायचं आणि उरलेलं मीठ ओढायचं. खाडीच्या पलीकडे मैल-मैल तेच. प्यायला तिथे थेंब नाही.

“मग तुम्ही विहीर का घेतलीत?”

“आमी होरी मांगलीवती. तुमी इहीर देतो बोललात. देनाऱ्याला नाय कसं बोलाचं?”

तिने विहिरीकडे पाहिलंही नाही. सून जनी पलीकडे आहे, सातवा महिना लागलाय, एवढं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात जनीचं पहिलं पोर खड्ड्यातलं मचूळ पाणी पिऊन हगवणीने गेलं होतं. आता चैत्र तोंडावर होता.

मी भरतीवर एका मासेवाल्याच्या होडीतून पलीकडे गेलो. ती सकाळ मला अजून दिसते. धुकं पाण्यावर टेकलेलं, वल्ह्याचा आवाज कापसातून आल्यासारखा. मग धुकं विरलं आणि पांढरे ढीगच ढीग दिसू लागले. त्या उजेडात क्षणभर आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळेना. बांधावरून बायकांची एक रांग डोक्यावर हंडे घेऊन येत होती. जनी सगळ्यात मागे होती, पोटावर एक हात धरून. हे सुंदर आहे असं मला वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

“किती लांबून आणता?” मी विचारलं.

“दोन कोस. मालकाची होरी येते कदी कदी. त्याच्या मनात आलं तर.”

“आणि उन्हाळ्यात?”

“उन्हाल्यात जवलच्या खड्ड्याचं.” तिने हंडा उतरवला. पुढचं मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबईला कमिटीच्या सेक्रेटरी साहेबांपुढे उभा राहिलो. साहेब पूर्वीचे मामलेदार. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का.

“होडी?” ते म्हणाले. “धर्मादाय फक्त स्थावर कामाला, ठाऊक आहे ना? जे हलतं त्याला कंपनी देत नाही.”

“विहीर हलत नाही, म्हणूनच ती कुणाच्या उपयोगी पडत नाही, साहेब.”

“हे रिपोर्टात लिहिणार तुम्ही?”

“लिहिणार. चूक माझी, हेही लिहिणार.”

“मग ऐका. कमिटी म्हणेल, विहीर फुकट गेली, या गावाची फाईल बंद करा. पुढचं काम टिटवाळ्याच्या धर्मशाळेचं. तुम्हाला घरी बसवतील ते वेगळंच. होडी मिळणार नाही ती नाहीच.”

साहेबांचं बरोबर होतं. खोटं लिहिलं तरी जनीला पाणी नाही, आणि खरं लिहिलं तरी नाही. मी तसाच टेबलाशी उभा राहिलो. समोर विहिरींचा छापील फॉर्म पडला होता. ‘विहिरीबरोबर द्यावयाचे सामान: रहाट, दोर, पोहरा.’ मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि माझी जुनी खोड जागी झाली. डोळ्यांपुढे पोहरा विहिरीतून वर आला, थांबलाच नाही, काठावरून उतरून भरतीवर तरंगत पलीकडे निघाला.

“साहेब, पोहरा हलतो की.”

“तो विहिरीचं सामान.”

“मग होडीही सामानच. पोहरा पाणी वर आणतो, होडी पुढे नेते. विहिरीशिवाय होडी निरुपयोगी आणि होडीशिवाय विहीर.”

साहेबांनी फॉर्म पुढे ओढून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, “चूक वरती लिहा. शेवटची ओळ मला दाखवून घ्या.”

शेवटची ओळ अशी झाली: ‘विहीर पूर्ण. सामानापैकी होडी एक व पिंपे सहा देणे बाकी.’ बाकी हा शब्द कमिटीला सहन होत नसे. उद्घाटन पंधरा दिवस पुढे ढकललं आणि होडी आली.

शेटजींनी शिळेवरचा पडदा ओढला आणि विचारलं, “गाववाले कुठे आहेत?” मी त्यांना होडीत बसवलं. पलीकडे जनीने पहिल्या पिंपातला तांब्या तोंडाला लावला. “गोड आहे का?” शेटजींनी विचारलं. तिने तांब्या संपवूनच खाली ठेवला.

पुढच्या फाल्गुनात मी इन्स्पेक्शनला गेलो. मनात खूप काही रंगवून गेलो होतो. जनी बांधावर आली, कडेवर गुटगुटीत मुलगी, माझ्या छत्रीकडे हात करणारी. मला भरून आलं. जनीला नाही.

“बरं झालं आलात,” ती म्हणाली. “होरीवाला रोज भरती चुकवतं. काल पानी दुपारी आलं. तेला सांगा जरा.”

मी होडीवाल्याला सांगितलं. रिपोर्टात लिहिलं: ‘काम उत्तम चालू आहे. तक्रार आली.’

सेक्रेटरी साहेबांनी विचारलं, हे दोन्ही एकत्र कसं? मी म्हटलं, साहेब, वापरात नव्हती तोवर त्या विहिरीबद्दल एकही तक्रार नव्हती.